खिडकीकडचा कट्टा

"घट्ट धरा वैनी, सोडू नका," असं म्हणून दस्तगीर मिस्त्रीनं टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि टेप उलगडत तो मागच्या भिंतीपर्यंत गेला. आमचं स्वयंपाकघर म्हणजे नुसता लांबच लांब बोळ. दोन्ही अंगांना जुना कडप्पा, हंडे, पिंपं; दोघी बायका समोरासमोर आल्या तर एकीनं अंग चोरून उभं राहायचं, तेव्हा दुसरी पुढं सरकणार. एका अंगाला खिडकी, दुसऱ्या अंगाला शेजारच्या माग-शेडची भिंत, ती दिवसभर खडखडणारी. मिस्त्री मापं तोंडातल्या तोंडात घोळवत होता. मधेच त्यानं सहज विचारलं, "गॅस एक का दोन?"

विचारलं होतं माझ्या मोठ्या जावेला, हौसाक्काला. ती दारात कमरेवर हात ठेवून उभी होती.

"दोन," ती म्हणाली. "गॅस दोन, सिंक दोन, कट्टे दोन. ह्या भिंतीला एक, त्या भिंतीला एक."

माझ्या हातातलं टोक सुटलं. टेप सळसळत गेली ती थेट मिस्त्रीच्या बोटावर. त्यानं बोट तोंडात घातलं आणि माझ्याकडं रागानं बघितलं, पण माझं तिकडं लक्षच नव्हतं. मी अक्काकडं बघत होते आणि अक्का खिडकीबाहेर बघत होती.

पुण्यामुंबईकडं ओटा म्हणतात, आम्ही इचलकरंजीची माणसं कट्टा म्हणतो. नाव काही का असेना. पण एका घरात दोन कट्टे आणि दोन गॅस म्हटल्यावर त्याचा अर्थ आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही कळायचा. चूल वेगळी झाली. चूल वेगळी म्हणजे घरात फाटलं, आता ज्याचं त्यानं बघायचं. त्यानंतर थोरल्यानं धाकट्याच्या ताटात बघायचं नाही आणि धाकट्यानं थोरल्याकडं हात पसरायचा नाही.

आमच्या ह्यांना जाऊन वर्ष होत आलं होतं. काविळीचं निमित्त झालं आणि बघता बघता माणूस हातातनं गेला. माझी मनी तेव्हा बालवाडीत होती. घरात सासू, म्हणजे आमच्या आत्ती, थोरले दीर तुकाराम भावजी, हौसाक्का आणि आम्ही मायलेकी. अक्काचा मुलगा पलटणीत होता. भावजींचे चार माग होते, मी त्यांच्यासाठी कांड्या भरायची. मागाच्या धोट्यात सूत भरलेली कांडी लागते, ते काम बायकांचं. पोटापुरतं काम होतं, डोक्यावर छप्पर होतं. पण वर्षश्राद्ध झालं की शिरोळहून आत्तींचे भाऊ, आमचे मामा, येणार होते. निपाणीहून माझा भाऊ गुंडूदादा येणार होता. आणि मग माझं काय करायचं ते ठरणार होतं.

ठरणार कसलं, ठरलेलंच होतं. तरणी बाई आहे, माहेरी राहिलेली बरी, असं आत्ती उघड बोलायच्या. त्या वाईट नव्हत्या. मला बघितलं की त्यांना पोरगा आठवायचा आणि जेवताना घास अडकायचा. रोज समोर दिसणारी ती आठवण त्यांना नको झाली होती. गुंडूदादाही चांगला होता, पण त्याचं घर दोन खोल्यांचं आणि त्याच्या बायकोचं तोंड माझ्या लग्नापासूनच वाकडं. तिथं मनीला घेऊन मी कुठल्या कोपऱ्यात बसणार होते? मला इथंच राहायचं होतं. ह्यांच्या घरात. पण ते मला कुणी विचारलं नव्हतं, आणि आपण होऊन सांगायची माझी हिंमत नव्हती. माझा सगळा भरवसा होता तो अक्कावर. तोंडाची फटकळ, पण ह्या घरात लग्न होऊन आल्यापासून तिनंच मला वाढवलं म्हटलं तरी चालेल. तीच आता म्हणत होती, चूल वेगळी करा.

आणि कट्ट्याचं स्वप्न आमचं दोघींचं होतं हो. जुन्या काळ्या कडप्प्यावर वाकून वाकून दोघींच्या कमरा गेल्या होत्या. भावजी करू, करू म्हणत वर्षं ढकलत होते. दुपारी निवडत बसलो की अक्का सांगायची, एका बाजूला गॅस ठेवू, समोर दुसरा कट्टा भाकरी थापायला. मी थापायची, तिनं भाजायची, नुसतं मागं वळलं की झालं, उठबस नाही. इतक्या वेळा तिनं ते सांगितलं होतं की कट्टा नसतानाच आम्ही त्याच्यावर स्वयंपाक करायला लागलो होतो. आता त्याच कट्ट्यानं दोघींना एकमेकींकडं पाठ करून उभं केलं.

फरशी बघायला मात्र ती मला बरोबर घेऊन गेली. सांगली रस्त्याला दगडाचं दुकान होतं, तिथं ग्रॅनाइटच्या फरश्या पत्त्यांसारख्या उभ्या करून ठेवलेल्या. दस्तगीर म्हणाला, एका बाजूला ग्रॅनाइट घाला, दुसऱ्या बाजूला कडप्पा चालतोय की, कशाला उगाच. अक्कानं त्याला तिथंच गप्प केलं. दोन्हीकडं एकच दगड, आणि तोही एकाच फरशीतनं काढलेला, असं तिनं बजावलं. मग ओला फडका घेऊन ती प्रत्येक फरशी पुसत गेली. दगड ओला केला की त्यातली केसाएवढी चीरही उमटून दिसते. बोटांच्या पेरांनी ठोकून आवाज ऐकायचा, खणखणीत आला तर दगड धड. तिनं मलाही ठोकायला लावलं. मी ठोकलं, आवाज कसा आला ते मला अजूनही आठवत नाही. माझ्या कानात तेव्हा दुसरंच वाजत होतं.

"तुला कुठली आवडली?" तिनं विचारलं.

"तुम्ही घ्याल ती," मी म्हणाले. एरवी मी तिला अगंतुगं करायची. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि बारीक चंदेरी ठिपक्यांची काळी फरशी दाखवून, ही काढा, म्हणून मोकळी झाली.

आमच्या भिंती जुन्या, एकाही कोपऱ्यात सरळ काटकोन म्हणून नव्हता. त्यामुळं नुसत्या मापावर दगड कापून चालणार नव्हता. दस्तगीरनं जाड पुठ्ठा भिंतीला लावून, कातरून कातरून, खिडकीकडच्या कट्ट्याचा फर्मा तयार केला. सिंकचं भोक मागच्या भिंतीजवळ, कारण सांडपाणी तिथनंच परसात जायचं. समोरच्या भिंतीलाही त्यानं तोच फर्मा उलटा करून लावून बघितला, बोटभर इकडंतिकडं, पण बसत होता. तो खूश. म्हणाला, एकाच फर्म्यात दोन्ही काम. एक दगड असा कापायचा, फर्मा पालथा घालायचा, दुसरा तसा कापायचा.

झालं काय, कापणाऱ्यानं फर्मा पालथा घातलाच नाही.

दगड टेम्पोतनं उतरले त्या दिवशी घरात नुसती गडबड. चार माणसांनी पहिला दगड उभा धरून आत नेला, कारण सिंकच्या भोकाजवळची पट्टी बारीक, आडवा धरला तर तिथं मोडतो. खिडकीकडं तो असा बसला की मिस्त्रीनं आपल्याच हाताचा मुका घेतला. मग दुसरा आणला, समोरच्या भिंतीला टेकवला आणि सगळे गप्प झाले. सिंकचं भोक मागच्या भिंतीजवळ यायचं, ते आलं इकडं दाराजवळ. दोन्ही दगड एकाच बाजूचे. नवीन पायताणाचा जोड घ्यावा आणि दोन्ही डाव्या पायाची निघावीत, तशातली गत. उलटा करून बसवावा तर पॉलिश एकाच अंगाला, ते खाली जाणार. दाराजवळ सांडपाण्याला वाट नाही. आणि दुसऱ्या फरशीचं नाव काढलं असतं तर भावजी घर सोडून गेले असते.

दस्तगीर डोक्याला हात लावून उंबऱ्यावर बसला. कापणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाल्यावर म्हणाला, एकच उपाय आहे. भोकातला कापलेला तुकडा परत भोकात बसवतो, सांधा दिसेल पण काम होईल. नवं भोक पाडलं तर दगड मोडेल, तेव्हा ह्या कट्ट्याला सिंक मात्र विसरा.

"मग बरंच झालं," आत्ती म्हणाल्या. "एकच सिंक, एकच गॅस. देवाच्याच मनात न्हाई वेगळं व्हायचं."

मला काय वाटलं सांगू? त्या कापणाऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. जो कुणी तो फर्मा पालथा घालायचं विसरला, त्याच्या घरी सोन्याचा धूर निघो, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. आता अक्का काय करणार होती? सिंक एक झालं की चूल एक. मापं घेतल्या दिवसापासून मी पहिल्यांदाच तिच्याकडं डोळे वर करून बघितलं.

अक्का दोन्ही दगडांवरनं नजर फिरवत होती. मग म्हणाली, "चूल दोनच. खिडकीकडचा कट्टा रत्नाचा. हा सांध्याचा माझा. मला सिंक नको, मी भांडी मोरीत धुईन. आजवर तिथंच धुतली की."

आत्तींनी कपाळावर हात मारला. खिडकीकडची भिंत थोरल्या सुनेची, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. उजेड तिकडं, वारा तिकडं. इकडं माग-शेडची खडखड, दिवसाही दिवा लावावा लागणार. भावजी नेहमीसारखे गप्प. मी मात्र मनात म्हणाले, वा गं वा. मला वेगळी काढायची ती काढायची, वर लोकांनी नावं ठेवायला जागा नको म्हणून चांगला दगडही मलाच द्यायचा. माणूस दुखावलं की कसं उफराटं बघायला लागतं बघा.

गॅसचा नंबर ह्यांच्या नावानं लागला होता, म्हणून गॅस माझ्याकडं आला. दुसऱ्या गॅसचा नंबर लागायला वर्षं जायची, म्हणून अक्कानं आपल्या कट्ट्यावर रॉकेलचा स्टोव्ह मांडला. भांडी तिनंच वाटली. प्रत्येक भांड्याच्या दोन राशी करायची आणि मला म्हणायची, तू आधी उचल. मी डोळे पुसत पुसत हाताला येईल ते उचलायची. तांदळाचा डबा दोन, पिठाचा डबा दोन, पाण्याचे हंडे दोन. वेगळा स्वयंपाक सुरू झाला. मी आणि मनी खिडकीकडं, ते तिघं पलीकडं. एकमेकींच्या पाठीला पाठ लागेल एवढ्या जागेत आम्ही दोघी उभ्या राहायचो आणि बोलायचो नाही. मनी दोन्हीकडं जेवायची, तिला काय. गल्लीतल्या बायका नळावर मला विचारायच्या आणि माझा बांध फुटायचा. सगळ्या गल्लीनं अक्काला नावं ठेवली. तिनं कुणालाच उत्तर दिलं नाही, आणि तिनं उत्तर न देणं म्हणजे नवलच होतं.

वर्षश्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे बाहेरच्या खोलीत बसले. मामा जाजमावर मधे, एका बाजूला भावजी, दुसऱ्या बाजूला गुंडूदादा. आत्ती भिंतीशी. मी आतल्या दाराआड उभी, अक्का माझ्या पुढं. माझी आणि मनीची कपड्यांची पिशवी मी भरूनच ठेवली होती. कुणी हाकलण्याआधी आपणच उठलेलं बरं, असं मनाला समजावलं होतं. रडायचं नाही असंही ठरवलं होतं.

मामांबद्दल सांगायला पाहिजे. चार गावांत भाऊभाऊ वेगळे झाले की वाटण्या करायला त्यांनाच बोलवायचे. शब्दाचे पक्के. त्यांनी गोडच सुरुवात केली. पोरीचं वय लहान, पुढचा सगळा जन्म जायचाय. तुकाराम भला माणूस आहे, पण दिराच्या चुलीवर तरण्या बाईनं किती दिवस जेवायचं? उद्या लोक बोलतील, लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? तर गुंडूनं बहिणीला घेऊन जावं, तिचं जे काही थोडंफार देणं असेल ते तुकारामनं सावकाश बघावं. गुंडूदादा मान खाली घालून हो म्हणाला. बिचारा दुसरं काय म्हणणार होता?

आणि तेव्हा अक्का बोलली. मामांसमोर आमच्या घरात बायका बोलत नसत. तिनं पदर सारखा केला आणि उंबऱ्यावरनंच बोलली.

"मामा, ती दिराच्या चुलीवर जेवत न्हाई. तिची चूल वेगळी हाय."

मामांनी वर बघितलं. "कवापास्नं?"

"दिवाळीच्या आधीपास्नं. कट्टा वेगळा, गॅस वेगळा, पीठमीठ वेगळं. आत येऊन बघा."

मामा उठले. त्यांनी आत येऊन बघितलं. ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत मान फिरवली. खिडकीच्या उजेडात माझा कट्टा चकचकत होता, वर माझी भांडी पालथी घातलेली. समोर अक्काचा कट्टा, मधे सांध्याचा चौकोन, वर काळवंडलेला स्टोव्ह. त्यांनी डबेसुद्धा उघडून बघितले.

"वाटण्या कुणी केल्या?" त्यांनी विचारलं.

"मी केल्या. उचलायला धाकटीला आधी लावलं. रीत तुमच्याकडनंच ऐकलीया, थोरल्यानं वाटायचं आन् धाकट्यानं पयलं उचलायचं. खिडकीची बाजू म्हणूनच तिच्याकडं गेली. आता चूल वेगळी झाली म्हंजे घर वाटलं. निम्मं घर तिच्या नवऱ्याचं होतं, ते आता तिचं. तिच्या घरातनं तिला तुम्ही कसं नेणार, ते तुम्हीच सांगा."

मामांनी भावजींना हाक मारली. "तुकाराम, ही म्हणतीया ते खरं का? चूल वेगळी झालीया?"

सगळं आता त्या एका माणसावर येऊन ठेपलं होतं. भावजींनी आधी अक्काकडं बघितलं. त्या क्षणापर्यंत तिनं त्यांनासुद्धा काही सांगितलेलं नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरनं कळलं. मग ते माझ्याकडं वळले. लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याकडं असं सरळ बघून कधी बोलले नव्हते.

"व्हय मामा," ते म्हणाले. "वाटणी झालीया. निम्मं हिचं हाय."

आत्तींनी तोंडाला पदर लावला. गुंडूदादा उठून माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "रत्ना, तुझं काय म्हणणं हाय?" वर्षभरात पहिल्यांदा मला कुणीतरी हे विचारलं. "मला हितंच ऱ्हायचंय," एवढंच माझ्या तोंडातनं निघालं, आणि न रडायचं ठरवलेलं सगळं वाहून गेलं.

मामा परत जाऊन जाजमावर बसले. म्हणाले, मग आपलं इथं काही काम उरलं नाही. वाटणी झालेल्या घरात बाहेरच्यानं बोलायचं नसतं. आणि थोडं थांबून म्हणाले, "सूनबाई, तुझ्या घरात आलोय, चहा तरी पाज." ते मला म्हणाले होते, अक्काला नाही. मी माझ्या गॅसवर पातेलं चढवलं. साखर निम्मी कट्ट्यावरच सांडली.

दुपारी सगळे गेले. मी पिशवीतले कपडे काढून परत फळीवर ठेवले आणि स्वयंपाकघरात आले. अक्का स्टोव्हला पिन मारत होती, माझ्याकडं पाठ करून. मी तिच्या मागं उभी राहिले. पाया पडावं का गळ्यात पडावं, तेच कळेना. शेवटी आवाज फुटला तो भांडणाचाच.

"मला आधी सांगायला तुझ्या काय पोटात दुखत होतं? महिनाभर मी रोज रडले, तुला किती शिव्या घातल्या मनात."

"घातल्यास ते कळत होतं की," ती वळून न बघता म्हणाली. "तुला सांगून काय उपेग? तुझ्या पोटातलं सगळं तुझ्या तोंडावर दिसतंय. तू हसत हिंडली असतीस तर हे नाटक हाय म्हणून गल्लीनं एका दिवसात ओळखलं असतं. आन् मामा काय कुक्कुलं बाळ हाय? तू रडलीस म्हणून सगळ्यांना खरं वाटलं."

मला हसू यायला लागलं आणि रडूही थांबेना. मी म्हणाले, "एवढं सगळं तू माझ्यासाठी केलंस अक्का. खिडकी दिलीस, सिंक दिलंस, वर गावाचे बोल खाल्लेस. हे मी कुठल्या जन्मी फेडू?"

तेव्हा ती वळली. डोळे तिचेही भरलेले होते, पण आवाज तोच फटकळ.

"तुझ्यासाठी? तुझ्यासाठी कशाला करीन गं मी? तुझे भावजी दिवसातनं चार शब्द बोलत्यात, त्यातले दोन मीठ मागायला. पोरगा पलटणीत. आत्ती जपमाळेत. तू निपाणीला गेली असतीस तर मी ह्या घरात भांडायचं कुणाबरोबर? भिंतीबरोबर?"

संध्याकाळी तिनं आपलं पीठ आणून माझ्या पिठात ओतलं. मी भाकरी थापल्या, तिनं भाजल्या. पुढं त्याच खिडकीकडच्या कट्ट्यावर मी माग-कामगारांसाठी भाकरीचे डबे करायला लागले आणि त्याच्यावर मनीचं शिक्षण झालं, लग्न झालं. आता तिची लेक कॉलेजला जाते. सांध्याच्या कट्ट्यावर पुन्हा कधी स्टोव्ह पेटला नाही. मामांच्या माघारी आम्ही कागदोपत्री घरही निम्मं निम्मं करून घेतलं, ते भावजींनीच आपण होऊन केलं.

अक्का आता थकलीय, कानांनी कमी ऐकते, पण जीभ तशीच आहे. तिनं मला माझ्या घरात उभं केलं, त्याची परतफेड माझ्याच्यानं झाली नाही, व्हायचीही नाही. पण भांडायला मात्र मी तिला एक दिवस कमी पडू दिलेलं नाही.